रंगवून नको, बघून सांगा!

जर्नालिझमच्या अ‍ॅडमिशनचा इंटरव्ह्यू. समोरचे सर विचारतात, 'पत्रकारितेतच का यायचंय?' बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, 'सर, मला लिहायला आवडतं.' शाळेत निबंधाला चांगले मार्क मिळालेले असतात, वक्तृत्व स्पर्धेचं एखादं बक्षीस असतं, इन्स्टावर पावसावरच्या चार ओळींना भरपूर लाइक्स आलेले असतात. उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. कारण पत्रकारितेतली गोष्ट लिहायला बसल्यावर सुरू होत नाही. ती त्याच्या बरीच आधी, कुणाच्या तरी ओट्यावर गप्पा मारताना किंवा सरकारी कचेरीतल्या बाकड्यावर वाट बघताना तयार झालेली असते. लिहिणं हा तिचा शेवटचा टप्पा.

गंमत म्हणजे न्यूजरूममध्ये सगळ्यालाच 'स्टोरी' म्हणतात. पाणीकपात ही स्टोरी, महापालिकेचं बजेट ही स्टोरी, परीक्षा पुढे ढकलली तीही स्टोरी. यातली बरीचशी असते ती माहिती. ती कशी द्यायची हे पहिल्या सेमिस्टरलाच शिकवतात. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं, हे सहा 'क'. मग उलटा पिरॅमिड. सगळ्यात महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली तर डेस्कवरच्या उपसंपादकाला खालून कापता येतं. ही शिस्त अंगात भिनवून घ्याच. अपघाताच्या बातमीत वाचकाला आधी किती जण जखमी हे कळायला हवं. तिथे 'ती एक धुक्याने भरलेली पहाट होती' अशी सुरुवात केलीत, तर तुमची कॉपी डेस्कवरून जशीच्या तशी परत येईल.

पण काही विषय असे असतात की माहिती सगळी देऊनही वाचकाच्या हाती काही लागत नाही. आकडे कळतात, माणूस भेटत नाही. तिथे गोष्ट सांगावी लागते. आणि इथेच आपली एक जुनी सवय आडवी येते. मराठीत गोष्ट चांगली सांगणाऱ्याचं कौतुक आपण 'काय रंगवून सांगतो!' असं करतो. कट्ट्यावरच्या गप्पांत ते ठीक आहे. ट्रेकला दिसलेला साप प्रत्येक वेळी सांगताना हातभर लांब झाला, तरी कुणाचं काही बिघडत नाही. पत्रकारितेत मात्र 'बातमी रंगवली' ही शिवी आहे. मग रंगवायचं नाही आणि सपकही होऊ द्यायचं नाही, हे जमवायचं कसं?

त्याचं उत्तर असं, की रंग जागेवर असतोच. तो लावायचा नसतो, शोधायचा असतो. कसा, ते एका साध्या विषयावर बघू. विषय तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे: मेसचे दर वाढले.

गोष्ट कुणाची?

समजा, तुम्ही पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास आहात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं, अभ्यासिका, कॉट बेसिसवरच्या खोल्या, संध्याकाळी डब्यांच्या पिशव्या अडकवलेल्या सायकली. तेल, गॅस आणि भाज्या महाग झाल्या म्हणून मेसवाल्यांनी दर वाढवले. तुम्ही दोन मुलांच्या प्रतिक्रिया घेतल्या, एका मेसचालकाची घेतली, फोटो काढला. दोनशे शब्द. 'विद्यार्थ्यांच्या खिशाला कात्री' हे हेडिंगही तयार. बातमी खरी आहे, उपयोगाची आहे. पण परवा ती कुणाला आठवेल का?

म्हणून पहिला प्रश्न हा, की हा विषय कुणाच्या बाजूने बघायचा. यासाठी पत्रकारितेच्या वर्गांत नेहमी दिलं जाणारं एक उदाहरण आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली. तीन दिवसांनी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत त्यांचा दफनविधी होता. जगभरचे नेते, कॅमेरे, पत्रकारांची झुंबड. 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'चा स्तंभलेखक जिमी ब्रेस्लिन या गर्दीतून बाजूला झाला आणि केनेडींची कबर खणणाऱ्या माणसाकडे गेला.

त्या माणसाचं नाव क्लिफ्टन पोलार्ड. मजुरी ताशी ३ डॉलर १ सेंट. रविवारी कामावर बोलावणं येणार हे ओळखून तो कामाचे कपडे घालूनच नाश्त्याला बसला होता. फोन आला, तो गेला, कबर खणली. आणि दुसऱ्या दिवशी विधी सुरू होता, तेव्हा पोलार्ड तिथे नव्हता. टेकडीपलीकडे, त्याच दफनभूमीच्या दुसऱ्या भागात तो पुढच्या कबरी खणत होता.

ब्रेस्लिनने यातलं काहीही बनवलेलं नाही. मजुरीचा आकडा, कामाचे कपडे, टेकडीपलीकडचं काम, हे सगळं तिथे होतंच. बाकीच्यांचे कॅमेरे दुसरीकडे वळलेले होते, एवढंच. एका देशाचं दुःख त्याने एका माणसाच्या कामाच्या दिवसातून दाखवलं.

आता आपल्या मेसकडे या. तुमचा 'पोलार्ड' कोण? डबे पोचवणारा मुलगा? पोळ्या लाटणाऱ्या मावशी? दोन मजले चढून डबा घेणारा आणि अर्धा रात्रीसाठी ठेवणारा विद्यार्थी? की रोजचा हिशेब लिहिणाऱ्या मेसच्या काकू? संघटनेचे अध्यक्ष आणि नगरसेवक यांच्या प्रतिक्रिया मिळतीलच. त्या द्यायलाच सगळे बसलेले असतात. ज्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही, त्याच्याकडे आधी जा.

'कसं वाटतं?' विचारू नका

माणूस सापडला, आता विचारायचं काय? नवख्या बातमीदाराचा आवडता प्रश्न म्हणजे 'तुम्हाला कसं वाटतं?' याचं उत्तर 'वाईट वाटतं' किंवा 'बरं वाटतं' यापलीकडे फारसं जात नाही. 'महागाईमुळे त्रास होतो का?' हा त्याचाच भाऊ. काकू म्हणणार, 'हो, होतो ना बाळा.' संपली मुलाखत.

त्याऐवजी घडलेलं विचारा. 'मागच्या महिन्यात डब्यातली कोणती भाजी बंद केलीत?' 'पोळ्या चारच्या तीन केल्या, तेव्हा मुलं काय म्हणाली?' 'सकाळी गॅस किती वाजता पेटवता?' 'गेल्या महिन्यात डबा कुणी बंद केला? काय सांगून केला?' या प्रश्नांना माणूस भावना सांगत नाही, प्रसंग सांगतो. आणि प्रसंगात भावना आपोआप येते.

बारीकसारीक प्रश्न कुठवर नेतात याचा एक जबरदस्त किस्सा आहे. साल १९५५, देश कोलंबिया. नौदलाच्या 'काल्दास' या जहाजावरून आठ खलाशी समुद्रात पडले. त्यांतला एकच, लुईस अलेहांद्रो वेलास्को, तराफ्यावर दहा दिवस काढून जिवंत किनाऱ्याला लागला. सरकारने त्याला हीरो केलं. सत्कार झाले, भाषणं झाली, जाहिरातीही मिळाल्या. त्यामुळे तो बोगोटाच्या 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकाच्या कचेरीत आपली गोष्ट घेऊन आला, तेव्हा ती शिळी वाटत होती. ती ऐकून घ्यायचं काम एका तरुण बातमीदाराकडे आलं. त्याचं नाव गाब्रिएल गार्सिया मार्केस. हो, तेच मार्केस, ज्यांना १९८२ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

मार्केसनी वेलास्कोला रोज सहा तास, अशा वीस बैठकांत बसवलं. मिनिटामिनिटाचं विचारलं. मध्येच आडवेतिडवे प्रश्न टाकले, म्हणजे सांगण्यात कुठे विसंगती असेल तर ती पकडता येईल. एका बैठकीत त्यांनी वादळाचं वर्णन करायला सांगितलं. कारण वादळामुळे खलाशी वाहून गेले, असं सरकार सांगत होतं. वेलास्कोने हसत सांगितलं, की वादळ आलंच नव्हतं. मग कशामुळे पडले? तर नौदलाच्या त्या जहाजाच्या डेकवर फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशिन असा चोरटा माल नीट न बांधता लादलेला होता. जोराच्या लाटांमध्ये जहाज कललं आणि मालाबरोबर माणसंही गेली.

चौदा दिवस ही मालिका छापून आली. सरकारने आरोप फेटाळला, तेव्हा दैनिकाने जहाजावरच्या इतर खलाशांनी काढलेले फोटो मिळवून छापले. त्यात मालाची खोकी दिसत होती. तिथे तेव्हा लष्करी हुकूमशाही होती. पुढे वेलास्कोला नौदल सोडावं लागलं आणि काही महिन्यांनी ते दैनिकही बंद पडलं. मार्केस जर 'तराफ्यावर असताना कसं वाटलं?' यावरच थांबले असते, तर त्यांना एका शूर खलाशाची आणखी एक मुलाखत मिळाली असती. सत्य बाहेर आलं ते 'मग काय झालं? त्याआधी काय झालं?' विचारत राहिल्यामुळे.

वही बघा, परत जा

प्रश्नांइतकंच महत्त्वाचं म्हणजे डोळे उघडे ठेवणं. मेसमध्ये एक वही असते. कुणाचे किती खाडे झाले, ते त्यात लिहिलेलं असतं. दोन दिवस गावी गेलो, दोन खाडे. हे तुम्हाला माहीत आहेच. आता बातमीदार म्हणून ती वही बघा. काकूंना विचारून, तीन-चार महिन्यांची पानं चाळा. समजा तुमच्या लक्षात आलं, की खाडे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वाढतात. सुट्ट्या नाहीत, सण नाही, तरी वाढतात. का?

इथे लगेच 'मुलं उपाशी राहतात' असं लिहायला हात शिवशिवतील. थांबा. कदाचित मुलं गावाहून पैसे आणायला जात असतील. कदाचित परीक्षा असेल. ज्यांचे खाडे वाढलेत त्यांना भेटल्याशिवाय काहीच ठरवता येणार नाही. पण तुमच्या हातात आता एक खरा प्रश्न आला आहे, आणि तो तुम्हाला ऑफिसात बसून सुचला नसता.

एका फेरीत हे होत नाही. पहिल्या भेटीत माणसं पाहुण्याशी बोलावं तसं बोलतात. दुसऱ्या भेटीत कामात असताना बोलतात. तिसऱ्या भेटीत, 'अरे, तुला त्या दिवशी एक सांगायचं राहिलं' असं म्हणतात. तुमची गोष्ट बरेचदा त्या राहिलेल्या वाक्यात असते.

मराठीत हे ज्यांनी आयुष्यभर केलं, ते म्हणजे डॉ. अनिल अवचट. वैद्यकीय पदवी हातात असताना ते हमालांमध्ये, विडी कामगारांमध्ये, निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांमध्ये जाऊन बसले. बिहारवरचं त्यांचं 'पूर्णिया' १९६९ मध्ये आलं. 'माणसं' वाचा. अवघड शब्द शोधूनही फारसे सापडणार नाहीत. समोर बसून कुणी बोलतंय अशी भाषा, आणि पानापानावर कामाचा तपशील. कोण काय उचलतं, किती पैसे मिळतात, कुठे झोपतं. ब्राऊन शुगरच्या व्यसनावर त्यांनी 'गर्द' लिहिलं आणि १९८६ मध्ये त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांच्यासह पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्यालाही कामाला लावते, ती अशी.

पी. साईनाथ यांनी १९९३ मध्ये एक फेलोशिप घेतली आणि देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत ते फिरत राहिले, अनेकदा पायी. त्यातून १९९६ मध्ये आलेलं पुस्तक मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने आहे. २०१४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर गावोगावच्या कामकरी माणसांचे रिपोर्ट मराठीतही वाचता येतात. मोबाइलवर रील बघता बघता रोज एक रिपोर्ट वाचलात, तरी सेमिस्टरभरात हात बसायला लागेल.

विशेषणांना सुट्टी

आता लिहायला बसा. जवळ वही आहे, रेकॉर्डिंग आहे (आधी परवानगी घेऊन केलेलं), फोटो आहेत. पहिल्या ड्राफ्टमध्ये 'हृदयद्रावक', 'विदारक', 'मन हेलावून टाकणारं' हे शब्द येतील. येऊ द्या. मग एकेक खोडा आणि बघा, वाक्य उभं राहतंय का. राहत नसेल, तर तिथे तपशील कमी पडला आहे, असं समजा. विशेषण बहुधा न विचारलेल्या प्रश्नाची जागा भरत असतं.

जॉन हर्सीचा 'हिरोशिमा' हा लेख ३१ ऑगस्ट १९४६ च्या 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आला. तो अंक पूर्णपणे या एका लेखाला दिला होता. अणुबॉम्ब, एक लाखाच्या घरातले मृत्यू. यापेक्षा भयंकर विषय कोणता असेल? हर्सीने निवडली फक्त सहा माणसं, आणि सुरुवात केली ती बॉम्ब पडला त्या क्षणी ती सहा जणं काय करत होती इथून. कारखान्यातली एक कारकून मुलगी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीशी बोलायला मान वळवत होती. पुढच्या क्षणी पुस्तकांची कपाटं तिच्या अंगावर कोसळली. लेखक कुठे गळा काढत नाही, 'बघा किती भयानक' म्हणत नाही. मान वळवण्याची ती साधी हालचाल आपण रोज वर्गात करतो. त्यामुळे ते वाचताना अंगावर येतं.

मेसच्या गोष्टीतही हेच. 'काकूंची जीवघेणी ओढाताण' असं लिहिण्यापेक्षा त्या गॅस किती वाजता पेटवतात, किती डबे भरतात आणि स्वतः किती वाजता जेवतात, हे तीन आकडे ओळीने लिहा. वाचक हुशार असतो. बेरीज तो करतो.

रंगवलं की काय होतं?

समजा, काकू छान बोलल्या, पण हवं ते वाक्य काही मिळालं नाही. डेडलाइन डोक्यावर आहे. दोन मुलांनी सांगितलेलं एकाच्या तोंडी घातलं तर? एखादं झणझणीत वाक्य आपणच रचलं तर? कुणाला कळणार आहे?

'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये २८ सप्टेंबर १९८० रोजी पहिल्या पानावर जेनेट कुक या तरुण बातमीदाराची स्टोरी आली. हेरॉइनच्या विळख्यात सापडलेल्या आठ वर्षांच्या मुलाची. शहर हादरलं. पोलीस त्या मुलाला शोधायला बाहेर पडले. मुलगा सापडला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये या स्टोरीला पुलित्झर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यानंतर कुकने बायोडेटात दिलेली माहितीच खोटी असल्याचं उघड होऊ लागलं. अखेर तिने कबूल केलं, की असा मुलगा तिला भेटलाच नव्हता. वर्तमानपत्राने पुरस्कार परत केला, तिने राजीनामा दिला.

यात नोकरी गेली, नाव गेलं, हे खरं. पण मोठं नुकसान वेगळं आहे. त्या शहरात अमली पदार्थांचा प्रश्न खराच होता, त्यात होरपळणारी खरी मुलंही होती. खोट्या मुलाच्या शोधात सगळ्यांचा वेळ गेला, आणि पुढे कुणी खऱ्या मुलाबद्दल लिहिलं असतं, तर त्यावर शंका घ्यायला लोकांना कारण मिळालं. रंगवलेली एक गोष्ट तिच्या आजूबाजूच्या सगळ्या खऱ्या गोष्टींना खोटं पाडते.

म्हणून साधा नियम ठेवा. अवतरणचिन्हात फक्त तेच, जे माणूस बोलला. दोन माणसांचा एक माणूस करायचा नाही. न पाहिलेला पाऊस पाडायचा नाही. हवं ते वाक्य मिळालं नसेल, तर परत जायचं. तरीही मिळालं नाही, तर ते वाक्य तुमच्या गोष्टीत नव्हतंच.

ज्याची गोष्ट, त्याचं काय?

आता सगळ्यात अवघड भाग. समजा, खाड्यांच्या वहीतून तुम्ही एका मुलापर्यंत पोचलात. तो मराठवाड्यातल्या एका गावातून आलेला, तिसरा अटेम्प्ट. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत तो सांगतो, की महिनाअखेरीस तो एकाच वेळचा डबा घेतो, आणि घरी फोनवर 'जेवलो' असं सांगतो. तुम्हाला कळतं, हीच आपली गोष्ट. हाच इंट्रो.

पण हे छापून आलं, की गावातल्या पारावर पेपर वाचला जाईल. कुणीतरी कात्रणाचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकेल. संध्याकाळपर्यंत ते त्याच्या आईच्या मोबाइलवर पोचेल. जी गोष्ट त्याने तीन वर्षं सांभाळून ठेवली, ती तुमच्या बायलाइनखाली फुटेल.

मग लिहायचंच नाही? तसंही नाही. हा प्रश्न कुणीतरी लिहायलाच हवा. पण आधी त्याच्यासमोर बसून स्पष्ट सांगा: हे कुठे छापून येणार, कधी येणार, ऑनलाइनही असणार, म्हणजे उद्या नाव सर्च केल्यावरही सापडणार. गप्पांच्या ओघात बोलणं वेगळं आणि छापायला परवानगी देणं वेगळं. विचार करायला त्याला एक दिवस द्या. तो नाही म्हणाला तर नाही.

नाव बदलून चालेल म्हणाला, तरी काम संपत नाही. शेवटी कंसात 'नाव बदलले आहे' लिहिलं आणि वर गाव, वय, वडिलांचा व्यवसाय, अभ्यासिकेचा पत्ता सगळं जसंच्या तसं ठेवलं, तर ते नाव बदलणं वाचकाच्या समाधानापुरतं. त्याच्या गावकऱ्याला दोन ओळींत ओळख पटेल. म्हणून आपला लेख त्याच्या शेजाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा वाचा. ओळख पटवणारं काय काय आहे ते काढा. खोटं गाव घालू नका, फक्त खरं गाव गाळा. लैंगिक अत्याचाराच्या पीडित व्यक्तीच्या किंवा गुन्ह्याशी संबंधित अल्पवयीन मुलाच्या बाबतीत तर हा निव्वळ संवेदनशीलतेचा मुद्दा नाही. पोक्सोसारख्या कायद्यांनुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे. नावच नव्हे, तर शाळा, घर, कुटुंब, शेजार, ओळख पटेल असं काहीही.

यामुळे तुमचा इंट्रो थोडा फिका पडेल. पडू द्या. तुम्ही उद्या दुसऱ्या स्टोरीकडे जाल. त्याला मात्र त्याच खोलीत, त्याच गावात राहायचंय.

या आठवड्यात एवढं करा

मीडिया हाऊसच्या इंटर्नशिपची वाट बघत बसू नका. कॉलेजपासून पाचशे मीटरच्या आत एक माणूस निवडा, ज्याचं काम तुम्ही रोज बघता पण नाव माहीत नाही. झेरॉक्सवाला, लायब्ररीतले शिपाईमामा, एसटी स्टँडवरच्या कँटीनमधल्या ताई, कुणीही. पहिल्या दिवशी काहीही न विचारता तासभर नुसतं बघा आणि दिसलं तेवढंच वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी ओळख सांगून, कशासाठी आलात ते सांगून बोला. 'कसं वाटतं' वर्ज्य. तिसऱ्या दिवशी फक्त राहिलेले प्रश्न घेऊन जा. घरी आल्यावर त्याच रात्री नोट्स उतरवा, सकाळी निम्म्या विसरलेल्या असतात. मग पाचशे शब्द लिहा, विशेषणांशिवाय. मित्राला वाचायला द्या आणि त्याला एकच विचारा: 'कुठे कंटाळा आला?' तिथे काप मारा.

छापायच्या आधी आकडे, तारखा, गावाचं नाव आणि त्या माणसाचं नाव फोन करून पुन्हा तपासा. 'शिर्के' की 'शिर्के पाटील', 'सुनिता' की 'सुनीता', हे त्यांनाच विचारा. अंदाज नको.

आणि छापून आलं, मग ते कॉलेजच्या भित्तिपत्रकात का असेना, तर एक प्रत घेऊन त्यांच्याकडे जा. हे बरेच जण टाळतात. तुम्ही टाळू नका. प्रत हातात द्या आणि तिथेच थांबा. ते आधी फोटो बघतील, मग स्वतःचं नाव शोधतील, मग हळूहळू वाचतील. वाचून झाल्यावर काय म्हणतात, ते ऐका. मार्क सर देतीलच.